चक्री कोणाच्या हाती

आमच्या नागपुरात हुडकेश्वरला अजून काही प्लॉट मोकळे आहेत. पौषातल्या थंडीत संक्रांत जवळ आली की तिथे पतंगांची नुसती झुंबड उडते. सगळे माना वर करून बघत असतात. माझी मान मात्र वर जात नाही. उडवणाऱ्याच्या पाठीमागे चक्री धरून कोण उभं आहे, ते मी आधी पाहते.

चक्री म्हणजे मांजा गुंडाळायची फिरकी, दोन्ही बाजूंना दांड्या असलेली. बाकीच्या महाराष्ट्रात तिला काय काय म्हणत असतील, आम्ही नागपूरचे लोक चक्रीच म्हणतो. परवा बाल्कनीतून पाहिलं, एक नवी नवरी नवऱ्यामागे चक्री घेऊन उभी होती. दोन्ही दांड्या अशा आवळून धरलेल्या, जशी काही घाटातून सायकल उतरवते आहे. मला राहवलं नाही. वरूनच ओरडले, "अवं, मुठी सैल सोड! तळहातावर फिरू दे तिले!" तिनं वर पाहिलं, लाजली. नवऱ्यानं मागे वळून तिच्या हातांवर हात ठेवले, पकड सोडवून दिली, आणि पुन्हा आभाळाकडे पाहायला लागला. बस्स, एवढंच झालं. आणि माझ्या छातीत, या वयात, राखेखालचा निखारा कोणी फुंकावा तसं झालं.

लोक मत्सर म्हणतात. तो शब्द पुस्तकातला. आमच्या माहेरी जळणं म्हणत, आणि तेच बरोबर आहे. राग आला तर माणूस ओरडतो, दुःख झालं तर चार बाया येऊन पाठीवर हात फिरवतात. जळणाऱ्याला कोणी पाणी विचारत नाही. ते ज्याचं त्यानंच सोसायचं, आणि वर तोंड हसरं ठेवायचं.

माझं माहेर विणकरांच्या वस्तीतलं. घरात दोन खड्डामाग. एकावर बाबा, दुसऱ्यावर माय. सकाळी उजाडलं की गल्लीत लांबच लांब ताणी, म्हणजे लुगड्याचं उभं सूत, ताणलेली असायची, आणि तिच्यावर कुंच्यानं भाताची खळ लावत बाया-माणसं इकडून तिकडे चालायची. संक्रांतीच्या आधी त्याच गल्लीत, त्याच बांबूंना, पोट्टे दोरा गुंडाळून मांजा सुतायचे. एका बाजूला लुगड्याचं सूत, दुसऱ्या बाजूला पतंगीचं. मधून जायचं म्हणजे वाकून जायचं. आमच्या गल्लीतली माणसं वाकून चालतात असं बाहेरचे हसत म्हणायचे. ते खोटं नव्हतं.

एकोणीसशे साठच्या पुढची ती वर्षं. माझी शाळा सुटलेली होती. भाऊ गिरणीत साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, लागला होता, पण त्याचा जीव सगळा पतंगीत. तसा तो शांत माणूस. जेवायला वाढलं तर वाढलं, नाही तर पाणी पिऊन झोपेल. पतंग हातात आली की मात्र त्याच्या अंगात कोणी तरी दुसराच यायचा. आणि त्या दुसऱ्याच्या मागे मी असायची. परकर वर खोचून, दोन्ही हातांत चक्री.

सामान निवडायला तो मला जुन्या शुक्रवारीच्या बाजारात न्यायचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पतंगींचे गठ्ठे. भाऊ रंग बघायचा नाही. कागद उजेडाला धरायचा, छिद्र शोधायचा. मधली उभी काडी डोक्यावर ठेवून दोन्ही टोकं हळू दाबायचा, म्हणजे तिचा कडकपणा मोडतो. मग आडवी काडी कशी वाकते ते बघायचा. दोन्ही खांदे सारखे वाकले पाहिजेत. एक खांदा आळशी असेल तर पतंग जन्मभर त्याच बाजूला गोल गोल फिरणार. दोरा मात्र माझ्याकडे द्यायचा. "पाह्य वं कमे, कसा आहे?" विणकराची पोरगी मी. नखावरून ओढला की कुठे जाड आहे, कुठे पोकळ आहे, ते मला कळायचं. ओठांत थोडा ओला करून झटका द्यायची. चांगलं सूत ओलं झालं की घट्ट होतं, खोटं सूत विरघळतं. दुकानदार हसायचा, "बहीण घेऊन फिरतो का बे दोरा पाहाले?" भाऊ म्हणायचा, "मंग काय तुही बहीण घेऊन फिरू?"

मला त्या वेळी काय वाटायचं ते आता कसं सांगू. सोन्याचे गोठ घातल्यासारखं वाटायचं.

मांजा आम्ही घरी करायचो. फुटक्या कंदिलाच्या काचा, गेलेले बल्ब, सगळं खलात कुटून मलमलीतून चाळायचं. सरस शिजवायचा, त्याचा वास असा सुटायचा की माय पदर नाकाला लावून अंगणात जाऊन बसायची. त्यात आमची भाताची खळ, थोडा रंग. बोटांना चिंध्या बांधून मी ते दोऱ्यावर फिरवायची. हात थांबला की तिथे गाठोळी बसते. घाई केली की दोरा उघडा राहतो. ऊन खाली उतरायच्या आत वाळला पाहिजे, नाही तर रात्रीच्या दवानं सगळं पुन्हा चिकटतं.

आणि मग त्याची वर्षभराची काळजी. मांजा म्हणजे लेकुरवाळं काम आहे. सरसाच्या आणि खळीच्या वासाला उंदीर येतात, म्हणून चक्री तारेनं आढ्याला टांगायची. पावसाळ्यात ती चुलीच्या वर, पण धूर लागणार नाही अशी. महिन्यात एखाद्या दिवशी उन्हात न्यायची, उलगडून पुन्हा गुंडाळायची, बोटांतून जाताना कुठे खुपत नाही, कुठे घसरत नाही, ते पाहायचं. एकदा एक गाठ माझ्या नजरेतून निसटली. ऐन पेचात दोरा तिथेच तुटला. भाऊ रथसप्तमीपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मायनं मध्यस्थी केली तेव्हा म्हणाला, "दुसरं कोणी असतं तं बोललो असतो." मला ते तेव्हा शिक्षेसारखं लागलं.

चक्री धरणं म्हणजे नुसतं उभं राहणं असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा धरून बघावी. उडवणाऱ्याचा खांदा पाहायचा, तोंड नाही. खांदा किंचित पुढे झुकला की त्याला ढील हवी आहे, म्हणजे दोरा सोडायचा आहे. त्यानं म्हणायच्या आधी चक्री फिरली पाहिजे. कोपर मागे आलं की तो खेचतो आहे; मग पायाशी दोऱ्याची रास पडायच्या आत गुंडाळायचं, आडवं-उभं, म्हणजे पुढच्या वेळी अडकत नाही. मी भावाचा खांदा इतका पाठ केला होता की त्याला सर्दी झाली तरी मला पाठीवरून कळायचं.

एका वर्षी मार्गशीर्षात भावाचं लग्न झालं. वहिनी उमरेडची, तीसुद्धा विणकराच्या घरातली. सावळी, नाकात लवंगेएवढी चमकी, बोलताना डोळे खाली. सगळ्यांना आवडली. मलाही आवडली असती. पण आल्या आल्या तिनं भावाच्या ताटातली भाकरी स्वतः भाजायला घेतली, त्याचे कपडे स्वतः धुवायला घेतले, आणि माझ्या मनानं आपलं हळूच मोजणं सुरू केलं, की आता काय काय गेलं. भाकरी गेली, जाऊ दे. कपडे गेले, बरं झालं, हात फुटत होते. मी स्वतःला समजवायची, आढ्याला टांगलेलं काही जात नाही.

भोगीच्या दिवशी दुपारी मी मागून भाजी निवडून आले, तर चक्री आढ्याला नव्हती. वहिनी ओसरीत पाय पसरून बसलेली. समोर वाटी, हातात मागाचा लहान कुंचा, आणि चक्री मांडीवर. मांज्याला ती तेल लावत होती.

तिनं हसून वर पाहिलं. म्हणाली, "ताणीले लावतो ना बाई आपण, खळ वाळली की? सूत नरम राह्यते. हा तं लई खरखरीत झाला होता. ह्याइचं बोट कापलं असतं."

आता हे दुसऱ्या कोणत्याही घरातल्या सुनेनं केलं नसतं. ताणीला तेल लागतं हे ज्याला माहीत नाही, त्याच्या डोक्यात ते येणारच नाही. ज्याला सूत कळतं, त्याच्याच हातून ही चूक व्हावी. मांज्याला धार त्या खरखरीची. तेल पाजलं की काच बुजली, दोरा घसरायला लागला, पेच लागला की समोरचा आरामात कापून नेणार.

मी म्हणाले, "वहिनी, काय केलं वं हे?" आणि रडकुंडीला आले. भाऊ पाळीवरून येईपर्यंत मी दारात बसून राहिले. खरं सांगते, मी वाट पाहत होते. आता हा ओरडेल. आता रथसप्तमीपर्यंत घरात शांतता होईल, आणि या वेळी ती माझ्यामुळे नसेल.

भाऊ आला. चक्री हातात घेतली, दोरा बोटातून ओढला, वाटीकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. ती बिचारी भिंतीला चिकटली होती. आणि भाऊ हसायला लागला! पोट धरून हसला. "बापा! उमरेडचं तेल पाजलं मांज्याले! आता पतंग कापत नाही, मालिश करते समोरच्याची!" माय हसली, बाबा मागावरून हसले, वहिनीही पदराआड हसली.

मी म्हणाले, "मी असती तं?"

"तू असती तं कानफटीत देली असती," भाऊ म्हणाला. "तुले समजते."

आज या वाक्यात काय होतं ते मला दिसतं. त्या दिवशी मला फक्त कानफटीत ऐकू आली. मी इतकी वर्षं मांज्याला जपलं. उंदरापासून, दवापासून, धुरापासून. त्या माणसाच्या बोटाचा विचार एकदाही माझ्या मनात आला नव्हता. घरात येऊन चार आठवडे झाले नाहीत तोवर तो विचार तिला आला, आणि त्यासाठी तिनं सगळा मांजा नासवला, आणि तो खूश झाला. हे कोणतं माप म्हणायचं? मी असं जळले की रात्री जेवले नाही. माय म्हणाली, "भोगीचं उपाशी नाही राहू वं." मी म्हटलं पोट दुखतं. ते खोटंही नव्हतं.

संक्रांतीला पहाटे उठून मी चक्री उलगडायला बसले. तेल वरच्या थरांना लागलं होतं, आतला मांजा कोरडा होता. वरचा सगळा काढून दुसऱ्या रिकाम्या फिरकीवर घेतला, आतला जुन्या चक्रीवर नीट आडवा-उभा गुंडाळला. थंडीनं बोटं वाकत नव्हती. मांजा बोटांत रुतायचा आणि मला बरं वाटायचं. सूर्य वर आला तेव्हा चक्री तयार होती. छतावर चढायच्या निसणीशी जाऊन भावाच्या हातात दिली. तो म्हणाला, "शाब्बास कमे," आणि मागे वळून वहिनीला म्हणाला, "चाल वं. धर हे."

एवढंच म्हणाला. काही वाईट म्हणाला नाही. नवं लग्न, पहिली संक्रांत, काळं लुगडं नेसलेली बायको. तिनं वर आलं पाहिजे, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही कळलं असतं. मला मात्र निसणीच्या पायरीवर ठेवलेला पाय तसाच खाली घ्यावा लागला. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

तो दिवस मी अंगणात काढला. हळदीकुंकवाची वाणं मांडली, बोरं, गाजर, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे. वरून "ओ काट! ओ पार!" ऐकू यायचं आणि माझा हात थांबायचा. कोणी कापलं, कोणाचं कापलं, मी मान वर केली नाही. सावलीवरून ओळखायला आलं असतं, तेही केलं नाही. संध्याकाळी हलव्याचे दागिने घालून वहिनी पाटावर बसली, पांढऱ्या दाण्यांत तिचा सावळा गळा काय शोभत होता! बाया म्हणाल्या, "नणंदेनं ओवला का वं हार?" मी म्हणाले, "हाव." हार मीच ओवला होता. दोरा माझ्याच नखावरून गेलेला होता.

दुसऱ्या दिवशी कर. भाऊ सकाळच्या पाळीला गेला. मी मागच्या खोलीच्या स्लॅबवर गोधड्या वाळत घालत होते, तर निसणी वाजली. वहिनी वर आली. एका हातात परवाचा तेलकट मांजा असलेली फिरकी, काखेत एक पतंग.

"बाई, रागावल्या का?"

"मी काहून रागावू?"

"मंग तोंड काहून असं केलं?"

"माहं तोंडच असं आहे."

ती हसली. गोधडीच्या सावलीत बसली. म्हणाली, "काल रात्री बसून मी याले राखेतून काढलं. चाळलेली राख फडक्यात घेतली अन् एक एक हात ओढला. तेल निघालं का नाही, मले नाही समजत. उडवल्याबिगर कसं समजंल?"

मी दोरा नखावरून ओढला. खरखर परत आली होती, सगळी नाही, पण आली होती. ते तिनं केलं होतं, हे मला आवडलं नाही.

"भाऊ आला की सांगा," मी म्हणाले.

"ह्याइले काहून सांगू? तुम्ही उडवा. मी धरतो."

"मले कुठं येते?"

"इतके वर्सं काय आंधळ्यासारख्या उभ्या होत्या का मागं?"

खरंच. इतकी वर्षं उभी राहून माझ्या हातात एकदाही पतंग आली नव्हती. भावानं दिली नाही, मीही मागितली नाही. मला ती हवी आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. मी आपली पाठीमागच्या जागेवर जीव टाकून बसले होते.

वाऱ्याचा चांगला झोत आला तशी पतंग वर गेली. पहिल्यांदा बोटावर ओढ लागली तेव्हा मी दचकले. जिवंत काही तरी धरल्यासारखं. वासरू दाव्याला हिसका देतं ना, तसं. मी वर पाहत राहिले आणि दोरा मागून येत राहिला. मला हवा तेवढा, मला हवा तेव्हा. मी ढील म्हणायच्या आधीच. ती माझा खांदा पाहत होती! जे मला वाटायचं की फक्त मलाच येतं, ते तिला एका दिवसात आलं होतं. मी पुन्हा जळले. पण मागे वळून बघता येईना. वर पतंग असली की मागे बघता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. दोरा नीट येतो आहे इतकंच कळतं, तो कोणाच्या हातातून येतो आहे ते दिसत नाही.

मागून वहिनी बोलायला लागली. मी तोंड पाहू शकत नव्हते म्हणूनच बोलली असेल.

"काल ह्याइनं दिवसभर मले कमे म्हटलं."

"काय?"

"कमे ढील दे, कमे गुंडाळ, कमे पाह्य कसा कापला. एकदाही मागं पाहिलं नाही. काळं लुगडं नेसून मी मागं उभी, चक्री माह्या हातात, अन् नाव तुमचं. मले असं वाटलं, फेकून द्यावं हे अन् उमरेडची बस धरावी."

मला असा आनंद झाला, असा, की लाजच वाटली. आणि तिच्या आवाजात जे होतं ते मला इतकं ओळखीचं होतं, की मला हसू आलं नाही.

त्या काळी नवरा बायकोला नावानं हाक मारत नसे. सासू-सासऱ्यांदेखत तर नाहीच. अवं म्हणायचं, ऐकून राहिली का म्हणायचं. लग्नात तांदळात लिहून ठेवलेलं नवं नाव तिला अजून सवयीचं झालं नव्हतं. ते नाव कोणी वापरतही नव्हतं. आमच्या घरात ती नुसती वहिनी होती, नुसती सून.

"माहेरी काय म्हणत होते तुमाले?" मी वर पाहतच विचारलं.

"येसू."

तेवढ्यात समोरच्या गल्लीतल्या गंगाधरची लाल पतंग आमच्यावर चढून आली. गंगाधरनं आमच्या छताकडे पाहिलं आणि ओरडला, "काय वं, बायांचं राज्य आलं का?" पेच लागला. मला काही सुचेना. खेचू, की सोडू? भाऊ असता तर सोडली असती, लांब, अजून लांब, समोरच्याचा दोरा घासून घासून झिजेपर्यंत. मी खांदा पुढे टाकला आणि घसा फोडून ओरडले, "येसू! ढील दे वं, येसू! दे! दे!"

आणि मागून तिनं अशी ढील दिली, अशी दिली, जशी पुरी ताणीच सोडून दिली. चक्रीचा नुसता भुंग्यासारखा आवाज. लाल पतंग डोलली, कलंडली आणि गिरणीच्या धुराड्याकडे वाहत गेली. "ओ काट!" आम्ही दोघी ओरडलो. खाली मायच्या हातातून काही तरी पडल्याचा आवाज झाला.

गल्लीभर ती गोष्ट झाली. संध्याकाळी भाऊ आला तर गंगाधरनंच त्याला नाक्यावर सांगितली होती. भाऊ जेवताना मान खाली घालून म्हणाला, "येसू कोण आहे?" वहिनीचा वाढता हात थांबला. मी म्हणाले, "चक्रीवाली."

पुढच्या वर्षीची संक्रांत. मी अंगणात मायबरोबर तीळ निवडत होते. वर छतावर भाऊ आणि ती. पतंग आभाळात असली की मोठ्या माणसांदेखत काय बोलावं, काय नाही, याचं भान कोणाला राहतं? वरून भावाचा आवाज आला, मोकळा, गल्लीच्या त्या टोकापर्यंत जाणारा, "येसू! ढील दे, येसू!"

नावात एकदाही चुकला नाही तो. दुपारपर्यंत मी कान लावून बसले होते.

माय म्हणाली, "काहून थांबली वं? हात चालव, खडे राहतीन."